पिकअपचा मागचा फाळका जड मालासाठी मजबूत करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान उघडून आडव्या केलेल्या फाळक्याबद्दल आहे. त्यावर माल टेकवून आत सरकवला जातो, माणसं उभी राहतात, कधी लांब माल त्यावर ठेवून गाडी चालवलीही जाते. फाळका बंद असताना आतून येणाऱ्या दाबाचा विषय वेगळा आहे, त्यासाठी पुढे एक प्रश्न दिला आहे.

माझ्या गाडीचा फाळका मुळात किती वजन पेलतो?

गाडीच्या माहितीपुस्तिकेत किंवा फाळक्याच्या आतल्या बाजूच्या स्टिकरवर आकडा दिलेला असेल तर तोच खरा. तो आकडा सहसा स्थिर उभ्या गाडीसाठी आणि सगळीकडे सारख्या पसरलेल्या वजनासाठी असतो. तेच वजन कपाटाच्या एका पायावर किंवा पिंपाच्या काठावर एकवटलं, तर पत्र्यावर येणारा भार वेगळाच असतो.

एक गल्लत सर्रास होते. गाडीची भारवाहू क्षमता, म्हणजे एक टन किंवा सव्वा टन जे काही असेल ते, हौद्यासाठी (मागच्या माल भरायच्या भागासाठी) असते. फाळक्याचा तिच्याशी काही संबंध नाही.

मजबुतीची सुरुवात कुठून करायची?

बघण्यापासून. वेल्डिंग मशीन सुरू करण्याआधी रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करा, फाळका उघडा आणि धडधाकट माणसाला त्याच्या बाहेरच्या काठावर मधोमध, मग एकेका कोपऱ्यावर उभं करा. तुम्ही बाजूला बसून काय हलतंय ते पाहा. मधेच झोल पडत असेल तर पत्र्याखालचा सांगाडा कमी पडतोय. एकच कोपरा खाली जात असेल तर त्या बाजूची केबल (उघडा फाळका दोन्ही बाजूंनी हौद्याच्या खांबाला धरून ठेवणारी तार) लांबली आहे किंवा तिचं टोक सुटत आलं आहे. फाळका सरळ राहतो पण हौद्याच्या कडेशी फट उघडते, मग दोष बिजागरीत. आणि केबल ज्या खांबाला अडकवली आहे तो खांबच आत किंवा मागे ओढला जात असेल, तर फाळक्यावर कितीही लोखंड चढवा, उपयोग नाही.

मालाचं वजन पत्र्यावरून आडव्या पट्ट्यांवर, तिथून बिजागरी आणि केबलवर, मग हौद्याच्या खांबावर आणि शेवटी चासीवर उतरतं. या वाटेवरचा सगळ्यात कच्चा दुवा तुटतो. बहुतेक लोक पत्र्यावर खर्च करतात, कारण तो डोळ्यांसमोर असतो, आणि केबलची टोकं जशीच्या तशी राहतात.

केबलवर नेमका किती ताण येतो?

हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावाच, कारण त्याचं उत्तर अंदाजाच्या बरंच वर निघतं. समजा फाळका ५० सेंटीमीटर रुंद आहे, केबल बिजागरीपासून ४० सेंटीमीटरवर अडकवली आहे आणि आडव्या फाळक्याशी ४५ अंशांचा कोन करते. २०० किलोचा माल फाळक्याच्या मध्यावर ठेवला तर प्रत्येक केबलवर सुमारे ८८ किलोचा ताण येतो. तोच माल बाहेरच्या काठावर आला की प्रत्येकी सुमारे १७७ किलो. काठावरच्या एका कोपऱ्यात आला की एकट्या केबलवर साधारण ३५० किलो.

हे झालं हळूच ठेवलेल्या वजनाचं. वजन एकदम सोडलं, अगदी उंचीवरून न टाकता नुसतं हातातून सोडलं, तरी क्षणभर ताण दुप्पट होतो. म्हणजे २०० किलोच्या मालाने एका केबलवर ७०० किलो सहज येऊ शकतात. वरून आपटला तर त्याहूनही जास्त.

कोनाचाही हात आहे. केबल जितकी उभी तितका ताण कमी. ४५ ऐवजी ३० अंशांचा कोन असेल तर काठावरच्या त्याच मालाने प्रत्येक केबलवर १७७ ऐवजी २५० किलो येतात. म्हणून केबलचं वरचं टोक खांबावर शक्य तितकं उंच न्या. फक्त फाळका बंद करताना केबल कुठे अडकत नाही ना, हे बघा.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. माल केबलच्या जोडाच्याही बाहेर, अगदी काठावर असेल, तर बिजागरी खाली दबत नाही, उलट वर उचलली जाते. वरच्या उदाहरणात दोन्ही बिजागऱ्या मिळून ५० किलोने वर ओढल्या जातात. अनेक पिकअपमध्ये फाळका काढून ठेवता यावा म्हणून एका बाजूची बिजागरी उघड्या खोबणीत नुसती बसवलेली असते. ती ठरावीक कोनातच सुटावी अशी रचना असली, तरी खोबण झिजलेली असेल तर ती भलत्या वेळी निसटू शकते.

केबल काढून साखळी लावली तर?

लावता येते, आणि रोज जड माल चढवणाऱ्या गाडीसाठी मला साखळीच पसंत आहे. साखळीची झीज आणि गंज डोळ्यांना दिसतो. प्लास्टिकचं वेष्टण असलेल्या केबलमध्ये पाणी शिरतं, आतल्या तारा कुजत जातात आणि वरून केबल नवीकोरी दिसते. ही काही एखाद्या जुन्या गाडीची तक्रार नाही: २००४ मध्ये जनरल मोटर्सने फाळक्याच्या केबल गंजून तुटण्याच्या धोक्यामुळे जवळपास ४० लाख पिकअप परत बोलावल्या होत्या. वेष्टण कुठे फुगलेलं, चिरलेलं किंवा टोकाशी तपकिरी झालेलं दिसलं, तर तपासत बसू नका, दोन्ही केबल एकदम बदला.

साखळी घेताना तिच्यावर दर्जाचा छाप आहे का ते पाहा. ८० दर्जाच्या ६ मिलिमीटर साखळीचा कामाचा भार १.१२ टन असतो, एवढी बहुतेक फाळक्यांना पुरून उरते. बिनछापाची साखळी गेटला, कुंपणाला ठीक आहे. इथे नको. कडीला जोडणारा शॅकल (बोल्टने बंद होणारी यू-आकाराची कडी) किंवा हूकही साखळीच्याच तोडीचा हवा.

वायर रोपच हवी असेल तर ६ मिलिमीटरची घ्या. टोकाच्या फासात थिंबल (दोर झिजू नये म्हणून घालायची धातूची खोबण) घालून कारखान्यात दाबून बसवलेला फेरूल (धातूची नळी) सर्वांत चांगला. यू-क्लिप वापरणार असाल तर प्रत्येक टोकाला तीन लावा, आणि क्लिपचा खोगिरासारखा भाग ताण घेणाऱ्या लांब दोरावर येऊ द्या, वाकडा यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलट बसवली की बोल्ट दोराच्या तारा चिरडतो आणि त्याच जागी दोर तुटतो.

दोन्ही बाजूंची लांबी अगदी सारखी हवी. एक बाजू थोडी जरी सैल राहिली, तर पत्रा पिळवटेपर्यंत सगळं वजन दुसरीवरच राहतं. फाळका उघडून दोन्ही केबल बोटाने छेडून पाहा, सारख्या ताठ लागल्या पाहिजेत. टर्नबकल (फिरवून ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) लावला तर हे जुळवणं सोपं जातं, मात्र त्याला लॉकनट घाला, नाहीतर गाडीच्या हादऱ्यांनी तो आपोआप फिरत राहतो.

जाड पत्रा मारला की काम झालं ना?

नाही. जाड पत्रा खड्डे पडण्यापासून वाचवतो, ओरखडे सहन करतो, आणि त्यासाठी तो जरूर लावा. पण झोल थांबवायला तो फार महागडा उपाय आहे, वजनाच्या हिशेबात. ५ मिलिमीटर पोलादी पत्रा चौरस मीटरला सुमारे ३९ किलो भरतो. १.४ मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद फाळक्यावर त्याचे २७ किलो होतात.

वाकण्याला विरोध होतो तो उंचीमुळे. ४० बाय ६ मिलिमीटरची फ्लॅट पट्टी आडवी पाडून जोडली आणि तीच पट्टी धारेवर उभी करून जोडली, तर उभी पट्टी वाकायला सुमारे ४४ पट ताठ असते. लोखंड तेच, वजन तेच. म्हणून जोड द्यायची ती उभ्या धारेच्या पट्टीची, अँगलची, चॅनेलची किंवा चौकोनी पाइपची.

मग कोणता पाइप, आणि कसा लावायचा?

४० बाय ४० बाय २ मिलिमीटरचा साधा चौकोनी पोलादी पाइप मीटरला जेमतेम अडीच किलोच्या आत बसतो. १.४ मीटर अंतरावरच्या दोन्ही टोकांना आधार देऊन मधोमध वजन टाकलं, तर असा एक पाइप पुरेशी सुरक्षितता राखून सुमारे १६० किलो पेलतो. यावरून तुमच्या कामाला एक लागेल की दोन, याचा अंदाज बांधता येईल.

पहिला पाइप बाहेरच्या काठाजवळ, केबलच्या जोडांच्या रेषेत टाका, आणि त्याची टोकं थेट त्या जोडांपर्यंत न्या. पाइप जोडाच्या अलीकडे दहा सेंटीमीटरवर संपला, तर सगळा भार तेवढ्या पातळ पत्र्यावरून पलीकडे जातो आणि पत्रा नेमका तिथेच फाटतो. दुसरा पाइप बिजागरीच्या बाजूला. दोघांना जोडणारे तीन-चार आखूड तुकडे, शिडीच्या पायऱ्यांसारखे. त्यातले दोन बरोबर बिजागऱ्यांच्या समोर येऊ द्या. या सांगाड्यावर ३ मिलिमीटरची चेकर प्लेट (उठावदार नक्षीचा, न घसरणारा पत्रा) पुरते.

फाळका दुहेरी पत्र्याचा आणि पोकळ असेल, तर आतल्या बाजूचं झाकण स्क्रू काढून उघडता येतं का पाहा. ॲक्सेस पॅनेल म्हणतात ते हेच. आतून पाइप बसला तर बाहेरून काही दिसतही नाही. मात्र कुलपाच्या सळया, दांडे आणि वायरिंग त्याच पोकळीत फिरतात, म्हणून पाइप कापण्याआधी हँडल दोन-चारदा ओढून सळया कुठून कुठे सरकतात त्याची खूण करून घ्या.

लोखंड चढवायचंच नाही. काही सोपं आहे का?

१८ मिलिमीटर जाड प्लायवूडची फळी फाळक्याच्या मापाने कापा, आणि माल चढवताना टाका. ती चौरस मीटरला साधारण १२ किलो भरते. एकवटलेलं वजन ती पसरवते, त्यामुळे पत्र्याला खड्डे पडत नाहीत. केबलवरचा ताण मात्र तिने कमी होत नाही. महिन्यातून एखाद्या वेळी जड सामान चढवणाऱ्याला चांगल्या केबल आणि ही फळी एवढं बहुतेक वेळा पुरतं.

वेल्ड करू की नट-बोल्ट लावू?

लोखंडी हौद्याच्या जाड, सपाट फाळक्याला वेल्ड उत्तम. एक मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्याच्या पोकळ फाळक्याला बोल्ट. पातळ पत्र्यावर सलग वेल्ड ओढला की तो तापून मुरडतो आणि फाळका पुन्हा चौकटीत बसत नाही. वेल्ड करायचंच असेल तर आधी सगळीकडे टाके (ठिपक्यांसारखे छोटे वेल्ड) मारा, फाळका लावून-मिटून पाहा, मग दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे आलटून पालटून दोन्ही बाजूंनी भरा.

बोल्टबद्दल लोक काळजी करतात ती चुकीच्या गोष्टीची. ८.८ दर्जाचा १० मिलिमीटर बोल्ट ओढून तोडायला साडेचार टनांहून जास्त ताण लागतो. बोल्ट तुटत नाही, त्याच्याभोवतीचा पत्रा फाटतो. म्हणून नटाच्या बाजूला नुसता वॉशर पुरत नाही. ३ ते ५ मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी पाठपट्टी घाला आणि तिचे कोपरे गोल करून घ्या. केबल खांबाला जिथे अडकते तिथे तर हे केल्याशिवाय पुढे जाऊच नका. नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्यांनी न सुटणारे) घ्या.

वेल्डिंगआधी बॅटरीची ऋण तार काढा, वेल्डिंग मशीनची अर्थची क्लिप कामाच्या जागेच्या जवळ लावा आणि इंधनाची टाकी व नळ्या कुठे आहेत ते पाहून अग्निशामक हाताशी ठेवा. पत्रा गॅल्व्हनाइज्ड असेल तर जस्ताचा थर घासून काढल्याशिवाय आर्क पेटवू नका. त्याच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. हवा खेळती हवी, तोंडाला योग्य मास्क हवा.

फाळका ॲल्युमिनियमचा आहे. तिथेही हेच?

बरंचसं नाही. ॲल्युमिनियमला साध्या रॉडने पोलाद जोडता येत नाही, आणि ॲल्युमिनियमचा ॲल्युमिनियमला वेल्ड केला तरी उष्णतेने जोडाच्या आजूबाजूचा पट्टा मऊ पडतो, त्यामुळे जोड दिला तिथेच कमकुवतपणा येतो. सांगाडा बोल्टनेच बसवा. पोलादी पाइप ॲल्युमिनियमला थेट टेकला आणि पाणी लागलं, की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडू लागतं. मधे रबरी किंवा नायलॉनची पट्टी घाला, बोल्टलाही नायलॉनची बुशी द्या, आणि पाइप आधी रंगवून पूर्ण वाळू द्या.

फायबर किंवा कंपोझिटच्या फाळक्याला भोकंच पाडू नका. त्याला खालून टेकू द्या.

टेकू म्हणजे? तो खरंच चालतो?

माझ्या मते या सगळ्या पानावरचा सर्वांत चांगला उपाय हाच आहे, आणि तोच सगळ्यात कमी वापरला जातो. फाळक्याने वजन पेलण्याऐवजी ते खाली उतरवून द्यायचं. काठाखाली दोन पाय उभे केले की केबलवरचा ताण जवळजवळ संपतो, बिजागरी उचलली जात नाही, आणि फाळका दोन्हीकडून टेकलेल्या फळीसारखा वागतो.

जमिनीवर उभ्या राहणाऱ्या पायांचा एक धोका मात्र नीट समजून घ्या. माल आत जाऊ लागला की स्प्रिंगपाटे दबतात आणि हौदा काही सेंटीमीटर खाली येतो. पाय जमिनीवर घट्ट असेल तर तो फाळक्याला वर ढकलतो, आणि आधार द्यायला लावलेला पायच बिजागरी वाकवतो. म्हणून स्क्रूने उंची कमी-जास्त होणारे पाय घ्या, सुरुवातीला थोडी फट ठेवा, आणि प्रत्येक जड नगानंतर स्क्रू बघून सैल करा. पायाखाली रुंद फळी हवी, नाहीतर तो मातीत रुततो. गाडी हलवण्याआधी पाय काढायचे, ही सवय गाडीवर काम करणाऱ्या सगळ्यांना लावा.

ही कटकट नको असेल तर मागे टोइंगचा चौकोनी सॉकेट असलेल्या गाडीत त्यातच अडकणारा आधार बनवता येतो: आडवा दांडा, त्यावर फाळक्याखाली येणारी आडवी पट्टी, वर रबर. तो चासीला धरून असल्यामुळे हौद्याबरोबरच खाली-वर होतो. सॉकेटवर जो उभा भार लिहिलेला असतो, तो ओलांडू नका.

बिजागऱ्यांचं काय करायचं?

आधी बुशी पाहा. प्लास्टिकची बुशी झिजली की फाळका खडखडतो आणि पिन लंबगोल भोक पाडते. ती बदलणं दहा मिनिटांचं काम आहे. लोखंडी हौद्यावर दोनच बिजागऱ्या असतील तर मधे आणखी एक-दोन घाला. सगळ्यांच्या पिना एका रेषेत आल्या पाहिजेत, त्यासाठी सर्व बिजागऱ्यांतून एकच लांब सळई ओवून मगच टाके मारा. रेष चुकली तर फाळका प्रत्येक वेळी उघडताना स्वतःलाच पिळतो.

मोटरसायकल चढवताना रॅम्प फाळक्यावर टेकवू की नको?

शक्य असेल तर नको. फाळका काढून किंवा पूर्ण खाली सोडून रॅम्प थेट हौद्याच्या कडेवर टेकवा. फाळक्याच्याच काठावर टेकवावा लागला, तर लक्षात घ्या की मोटरसायकलचं मागचं चाक आणि ढकलणारा माणूस त्याच काठावरून जातात, तेही मधोमध, एका अरुंद पट्टीवर. इथे बाहेरच्या काठाचा पाइप आणि खालचा टेकू, दोन्ही हवेत. रॅम्पचं वरचं टोक पट्ट्याने चासीला बांधा. चढताना चाक रॅम्पला मागे ढकलतं आणि न बांधलेला रॅम्प सटकतो. पिकअपच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका.

मजबूत फाळका उघडा ठेवून त्यावर माल ठेवून गाडी चालवता येईल का?

फाळका टिकेलही. गाडीचा तोल मात्र बदलतो. दोन्ही ॲक्सलमधलं अंतर ३ मीटर आहे आणि २०० किलो माल मागच्या ॲक्सलच्या १.५ मीटर मागे, फाळक्यावर आहे असं धरा. मागच्या ॲक्सलवर २०० नाही, ३०० किलो वाढतात, आणि पुढच्या ॲक्सलवरचे १०० किलो कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग पोकळ लागतं, ब्रेकची पकड घटते, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. जड नग पुढे, हौद्यात. फाळक्यावर फक्त लांब मालाचं हलकं टोक.

खड्ड्यांतून जाताना प्रत्येक हादरा केबलवर येतो, त्यामुळे उभ्या गाडीतला हिशेब चालत्या गाडीला लागू होत नाही. शिवाय उघड्या फाळक्याने नंबरप्लेट आणि कधी दिवेही झाकले जातात. बाहेर आलेल्या मालाची मर्यादा, लाल कापड आणि रात्रीचा लाल दिवा याबाबत तुमच्याकडचे नियम पाहून घ्या.

बंद फाळक्यावर आतून माल रेटतो, त्याला काय?

माल हौद्यातल्या कड्यांना बांधा. अनेक देशांत माल बांधण्याचे नियम मागच्या दिशेला मालाच्या निम्म्या वजनाइतका जोर धरतात, म्हणजे एक टन मालासाठी अर्धा टन. घर्षण त्यातला काही भाग खातं, उरलेला फाळक्याच्या दोन खिट्यांवर येतो. खिट्या त्यासाठी नसतात.

काम झाल्यावर चाचणी कशी घ्यायची?

वाळूच्या पोत्यांनी. दोन टोकांना दोरी ताणून बांधा आणि तिच्यापासून फाळक्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून लिहा. एकेक पोतं हळू ठेवत जा आणि ठरवलेल्या वजनाच्या सव्वापट गाठा. दहा मिनिटं थांबा, खाली हात किंवा पाय घालू नका. मग पोती उतरवून पुन्हा मोजा. अंतर पहिल्यासारखं झालं तर ठीक. एक-दोन मिलिमीटर जरी कायमचा झोल राहिला, तर कुठलातरी भाग वाकून बसला आहे. तो शोधल्याशिवाय गाडी कामाला लावू नका. बोल्ट आठवड्याने एकदा पुन्हा आवळा, पहिल्या हादऱ्यांत ते बसतात.

फाळका जड झाला, आता तो धाडकन पडतो. काय करू?

गॅस स्ट्रट (फाळका हळू खाली येऊ देणारा गॅसचा दांडा) लावा, किंवा टॉर्शन बार (पीळ घेऊन फाळक्याचं वजन पेलणारी सळई) असलेल्या गाडीत नव्या वजनाला पुरेल असा बार आहे का ते विचारा. हे चैनीचं काम समजू नका: जड फाळका रोज आपटला की केबलला रोज तोच झटका बसतो, माल नसतानाही. आणि चढवलेलं लोखंड गाडीच्या भारवाहू क्षमतेतून वजा करा.

रिव्हर्स कॅमेरा आणि सेन्सरना धक्का लागेल?

पाइपने कॅमेऱ्याची नजर अडत नाही ना, आणि वायर कुठे चेपत नाही ना, एवढं पाहा. वेल्डिंगआधी कॅमेरा काढून ठेवा.

गंज लागू नये म्हणून?

प्रत्येक भोक, प्रत्येक कापलेली कड त्याच दिवशी प्रायमरने झाका. पाइपची टोकं एकतर पूर्ण बंद करा किंवा खालून पाणी निघायला भोक ठेवा. अर्धवट बंद पाइपात पाणी साचून तो आतून सडतो. फाळक्याच्या खालच्या कडेला कंपनीने पाडलेली निचऱ्याची भोकं असतात, ती नव्या प्लेटखाली बुजवू नका. पोकळ भागात मेणाचा फवारा मारा. पावसाळा संपला की केबल किंवा साखळीची दोन्ही टोकं, खांबाची पाठपट्टी आणि बिजागरीच्या पिना एकदा हाताने हलवून पाहा.